नमस्कार करणारं फूल

त्या गुरुवारी रोडपालीच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर चपलांचा ढीग, आत तीनशे माणसं आणि स्टेजवर ओळीनं मांडलेल्या साठ कुंड्या. प्रत्येक कुंडीत एका रोग्याच्या नावाची चिठ्ठी खोचलेली. झाड हातभर, फूल बारीक शेवंतीसारखं, पाकळ्या पांढऱ्या आणि मध्ये पिवळा गोंडा. फूलमहाराजांच्या म्हणण्याप्रमाणे हे हिमालयातलं नमनफूल. संध्याकाळी आरती झाली की ते पाकळ्या खाली सोडून नमस्कार करतं. ज्याच्या कुंडीतलं फूल वाकलं, त्याचा रोग वाकला. मग त्याच फुलांचा चहा प्यायचा आणि डॉक्टरला कायमचा रामराम ठोकायचा.

खांदा कॉलनीत माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये हेच झाड आहे. त्याला कॅमोमाइल म्हणतात. थंडी पडली की बी मातीवर भुरभुरवायचं, फेब्रुवारीत फुलं खुडून सावलीत वाळवायची आणि बरणी भरून ठेवायची. झोपण्याआधी कपभर चहा घेतला की मला बरं वाटतं. रोगबिग बरा करायला मी त्याला कधी सांगितलं नाही.

मी किशोरी, सहावीला विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातली दिपा तीन दिवस शाळेत आली नव्हती. तिला लहानपणापासूनचा मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते. तिचा बाप जगन दुसऱ्या रांगेत बसला होता, शेजारी त्याची आई हौसा. मी वाकून विचारलं, "जगन, दिपाला सुई देताय ना?"

"देतो की, बाई," तो खाली बघत म्हणाला.

मला ते खरं वाटलं. मी घरून आणलेली कुंडी गर्दीतून पुढे सरकवली आणि ओळीत ठेवली. चिठ्ठीवर नाव लिहिलं होतं, कमळाकर.

आरती तासभर चालली. टाळ, कापूर, महाराजांचं घुमणं. "हे साधं फूल नाही, भक्तहो! याला कान आहेत, याला मन आहे, याला तुमच्या रक्ताचा रिपोर्ट वाचता येतो!" लॅबचा खर्च वाचला म्हणायचा. खिडक्यांबाहेर अंधारलं आणि बघता बघता एकसष्टही कुंड्यांतल्या पाकळ्या खाली झुकल्या. बायकांनी पदर पसरले, म्हातारे रडायला लागले. महाराज एकेक चिठ्ठी वाचत निघाले आणि एकसष्टाव्या कुंडीशी थांबले.

"कमळाकर! धन्य हो! हृदयाचं दुखणं आहे, मला दिसतंय. आज ते वाकलं. उद्यापासून गोळ्या बंद!"

हौसा ताडकन उठली. "कोन कमळाकर?"

मी स्टेजपाशी गेले. "तुमचेच, आजी. चिठ्ठी मी लिहिली. कुंडी माझ्या घरची आहे, महाराजांनी तिला हातही लावलेला नाही."

"अरं, माजा म्हातारा मरून दोन वर्सं झाली!" हौसा ओरडली. "मेलेल्याच्या गोळ्या बंद करतोस?"

महाराज सावरले. "माझी कृपा परलोकातही पोचते."

"मग माझ्या खिडकीत रोज संध्याकाळी कोणाची पोचते?" मी विचारलं. "तिथं आरती नाही, कापूर नाही. उजेड गेला की या फुलाच्या पाकळ्या मिटून खाली झुकतात, सकाळी परत वर येतात. झाडाची सवय आहे ती. निरोग्याचं नाव लिहा, मेलेल्याचं लिहा, ते झुकणारच."

हौसा मटकन खाली बसली. "झाडं निजतात," ती म्हणाली. "आमी सांजंचं झाडाला हात लावत नाय, त्ये निजतं म्हनून. पोरांनापन तेच सांगतो."

या तीनशे माणसांना लहानपणापासून हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच दिवेलागणीनंतर झाडाजवळ जाऊन बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. महाराजांचा सगळा धंदा तेवढ्यावर उभा होता. मागच्या दाराने ते कधी सटकले ते कोणी पाहिलं नाही.

जगन मात्र जागचा हलला नव्हता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "बाई, सोमवारच्या आरतीला तिचं फूल वाकलं. तवापासून सुई नाय दिली."

"आणि ती कुठंय?"

"घरी हाय. निजलीय. चहानं मस्त झोप लागली, सकाळपासून उठलीच नाय."

आम्ही धावत सुटलो. दिपा खाटेवर होती. खोल, भराभर श्वास चालला होता आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. ती झोप नव्हती. इन्सुलिनवाचून तिचं रक्त आंबलं होतं आणि ती बेशुद्ध पडली होती. उशाशी त्या चहाचा कप होता. दवाखान्यात डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. शुक्रवारी दुपारी दिपा गेली.

त्यानंतर जगन माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो तेराव्याला. "बाई, तुमच्या घरी त्ये फूल रोज वाकत व्हतं?"

"हो."

"आनि म्हाराजाचं फूल तुमाला कवापासून म्हाईत?"

मी खोटं बोलले नाही. त्या गुरुवारच्या आठ दिवस आधी शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो.

"मंग तवाच येऊन का नाय सांगितलंत?"

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय कोणाचंही औषध बंद करू नका. चमत्कार दिसला तर तो महाराज नसतानाही होतो का, ते आधी बघा. आणि त्यातलं खरं तुम्हाला ठाऊक असेल तर घरात बसून हसू नका. चपला घाला आणि त्याच दिवशी जाऊन सांगा.