उशाखालची भाकर

माझी सासू मनकर्णा ही माझी सख्खी आत्या. त्यामुळे तिची थट्टा करायचा हक्क मला लग्नाच्या आधीपासूनच आहे. चौसष्ट साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात ती अकोल्याच्या जेलमध्ये गेली आणि बावीस दिवसांनी सुटून आली. पुढच्या चौदा एप्रिलपर्यंत त्या बावीस दिवसांचा महिना झाला. अशोक विजयादशमीला दोन महिने झाले. सहासष्ट साल निम्मं सरेपर्यंत ती तीन महिन्यांवर पोचली होती. हीच गती राहिली असती तर तिला लवकरच जन्मठेप होणार होती.

मी तेव्हा शेतकी खात्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. त्या वर्षी नोव्हेंबरात कापूस बघायला रशियाहून दोन पाहुणे आणि त्यांच्यासोबत एक दुभाषी बाई आली. तिघांची सोय सरकारी विश्रामगृहात केली होती. थोरले पाहुणे भर दुपारीसुद्धा अंगातला कोट काढत नसत, म्हणून विश्रामगृहाचा चौकीदार चंद्रभान याने त्यांचं नाव कोटवाले साहेब ठेवलं. बाईचं नाव झोया. ती हिंदी बोलायची, पण अशी हिंदी आम्ही शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी ऐकली नव्हती. चंद्रभानला ती म्हणाली, "भ्राता, कृपया जल दीजिए," तर तो बिचारा हात जोडून उभाच राहिला.

कोटवाले साहेबांना दुसऱ्याच दिवशी मजूर बाईच्या हातचं जेवण हवं झालं. आमचे मोठे साहेब उत्तमराव देशमुख घाईघाईने माझ्या टेबलापाशी आले.

"ललिताबाई, तुमच्या सासूबाईच्या हातच्या भाकरीचं लई ऐकलं. दोन दिवस येतीन का त्या?"

"येतील की."

"फक्त जेलाचं काही काढू देऊ नका. पाहुण्यायसमोर आपल्या सरकारची शोभा होते."

मी शब्द दिला. द्यायला माझं काय जात होतं?

विश्रामगृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात आत्याने चूल पेटवली. मी वांगी भाजायला बसले. पाहुणे उत्तमरावांबरोबर जिनिंगचा कारखाना बघायला गेले होते. झोयाबाई तेवढी डोकं दुखतं म्हणून मागे राहिली आणि आमच्याजवळ पाट ओढून बसली. आत्याने पहिली भाकर तिच्या ताटात टाकली, आणि दुसरी थापायच्या आत जेल काढलं.

"मी तीन मयने जेलात होती, बाई. जमिनीसाठी."

मी डोळे वटारले. आत्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

झोयाबाई कौतुक करील, डोळ्यांत पाणी आणील अशी आत्याची अपेक्षा असावी. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. ही बाई पुढे सरकून बसली आणि विचारू लागली, "बहन, रोटी प्रतिदिन कितनी मिलती थी?" मग विचारलं, नमक मिळायचं का? निजायची जागा दारापाशी होती की भिंतीपाशी? बाया सुई कुठे लपवायच्या?

आत्या अडखळली. "सुई? सुई कायले लपवाची?" आत्याच्या जेलात सुई मागितली की मिळत होती. तिथे बायांनी मिळून इतकी गाणी म्हटली होती, की जेलरनेच लवकर सुटा म्हणून विनवलं होतं.

बोलता बोलता झोयाबाईने भाकरीचा चतकोर मोडला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये सारला. तिने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. तो हात आपोआप गेला. आत्याने मात्र पाहिलं. जेलातल्या पहिल्या चार दिवसांत, उद्या देतात की नाही या धास्तीने, तिचाही हात असाच पदराकडे जात होता. तव्यावरच्या भाकरीचा वास सुटला. माझ्या आठवणीत आत्याची भाकर पहिल्यांदा करपली.

"तुमी किती दिवस होत्या, बाई?" आत्याने हळूच विचारलं.

"आठ वर्ष," झोयाबाई म्हणाली.

मग तिने सांगितलं. चोविसाव्या वर्षी तिला घरातून उचललं होतं. गुन्हा काय, तर हिंदी शिकली. परदेशाची भाषा शिकणारी बाई परदेशाची हेर असणारच, असा तिकडचा न्याय. उत्तरेकडच्या छावणीत पाठवलं. झाडं तोडायची, बर्फात उभं राहून हजेरी द्यायची. भाकरीचे तीन वाटे करायचे आणि दुसऱ्या दिवसाची भाकर हातात पडेपर्यंत तिसऱ्या वाट्याला शिवायचं नाही, हा तिचा नेम. ज्या बायांनी तो मोडला त्यातल्या कितीतरी परत आल्या नाहीत.

"मंग तुमी कशा वाचल्या?"

झोयाबाई पहिल्यांदा हसली. छावणीच्या साहेबाच्या बायकोची दाढ दुखत होती. डॉक्टर शंभर कोसांवर. झोयाने सांगून टाकलं, मला हिंदुस्थानी मंत्र येतो. साहेबीणबाईंच्या गालावर हात ठेवला, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात सुरू केलं: "लड़का, लड़के, लड़कों. लड़की, लड़कियाँ, लड़कियों." दाढ आपोआप थांबली की साहेबीणबाईच कंटाळून कण्हायच्या थांबल्या, ते देव जाणे. पण झोयाला सूप मिळालं. पुढे तिने हिंदीचं अख्खं व्याकरण साहेबाच्या डुकरांवर, स्वयंपाकिणीच्या कंबरेवर आणि एका पहारेकऱ्याच्या प्रेमप्रकरणावर वापरलं.

आत्या पिठाचे हात डोळ्यांना लावून हसली. "आमाले मंत्र-बिंत्र चालत नाई बाई. आमी सोडलं थे सारं."

"मला भी नहीं चलता," झोयाबाई चक्क आमच्या वळणावर गेली. "सूप चलता है."

हसू ओसरल्यावर ती दाराकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, की सुटून अकरा वर्षं झाली, तरी उशाखाली भाकरी असल्याशिवाय तिला झोप लागत नाही. ज्या भाषेपायी भोगलं, तो देश बघायची परवानगी तिला आत्ता कुठे मिळाली होती. छावणीचं नाव काढायला सक्त मनाई होती. कोटवाले साहेब रोज सगळ्यांवर टिपण लिहीत. 'हिच्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही' एवढी एक ओळ त्यांनी लिहिली, की ही पुन्हा कधी देशाबाहेर पडणार नव्हती.

आत्याने आणखी अर्धी भाकर रुमालात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. पाहुणे, उत्तमराव, कचेरीतले चार अधिकारी. आत्या भरीत वाढत होती. इतक्यात आमचा प्रामाणिक चंद्रभान एक बशी घेऊन आला. बशीत वाळलेल्या भाकरीचे आणि पावाचे सात-आठ तुकडे होते.

"बाईच्या उशाखाली सापडले जी. उंदरं होतीन म्हून काढले. फेकू का ठेवू?"

कोटवाले साहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी रशियनमध्ये काहीतरी विचारलं, अगदी हळू. झोयाबाईचा चेहरा पांढरा पडला. मला चंद्रभानचा गळा दाबावासा वाटला.

"ठेव थे खाली!" आत्या कडाडली. "पावन्याच्या उशाखालची भाकर काढून राह्यला? वऱ्हाडातला होय का कोठला तू?"

चंद्रभान गोंधळला. आम्हीही.

आत्याने कमरेवर हात ठेवला. "आमच्याइकडं पावन्याच्या उशाखाली भाकर ठेवतेत. पावना भाकरीवर निजला म्हंजे त्या गावची जवारी सालभर सरत नाई. म्याच सांगतलं बाईले, ठेवा म्हून. सांगा तुमच्या सायबाले."

छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात औषधालाही रूढी शिल्लक नव्हती. शेजारीण मांजर आडवं गेलं म्हणून थांबली तर आत्या तिला अर्धा तास विज्ञान शिकवायची. ती बाई भर पंगतीत, डोळ्याची पापणी न हलवता, नवी कोरी रूढी पाडत होती.

झोयाबाईने सायबाले सांगितलं. आत्याची चार वाक्यं होती, तिने चांगली दहा सांगितली. हातवारेसुद्धा केले. तिने त्यात काय भर घातली ते आजपर्यंत कळलेलं नाही, पण दुसऱ्या पाहुण्याने वही काढून लिहून घेतलं.

कोटवाले साहेब मात्र कच्चे नव्हते. त्यांनी उत्तमरावांकडे बोट केलं. झोयाबाईने प्रश्न हिंदीत केला: "महोदय, क्या यह प्रथा सत्य है?"

उत्तमराव गेले दोन दिवस पाहुण्यांना वऱ्हाडच्या चालीरीतींवर व्याख्यानं देत होते. ही रीत त्यांनी जन्मात ऐकली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण देशमुखांकडे नाही म्हणजे मनकर्णाबाईंकडे असेल, असं त्यांना वाटलं असावं. आपल्याला मजुरांच्या घरातलं काही ठाऊक नाही, हे त्यांना मजुरांच्याच पाहुण्यांपुढे कबूल करायचं नव्हतं. त्यांनी बाकीच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्या चौघांनाही ती शेजारच्या जातीतली रीत वाटली. पाचही माना एकदम हलल्या.

"फार जुनी," उत्तमराव म्हणाले. "लोप पावून राहिली आता."

कोटवाले साहेबांनी घास खाली ठेवला आणि पुन्हा काही विचारलं. झोयाबाईच्या ओठांचा कोपरा हलला.

"साहब पूछते हैं, मुझे क्यों नहीं दी?"

आत्या एवढंसुद्धा चपापली नाही. "मोठ्या पावन्याले आखरीच्या राती देतेत," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी आख्खी भाकर वर ठेच्याचा गोळा ठेवून बांधली. त्या विश्रामगृहात पुढे कितीतरी वर्षं चंद्रभान प्रत्येक पाहुण्याच्या उशाखाली भाकर ठेवत असे. एका मंत्र्याला मुंग्या चावल्या, तेव्हा कुठे ते बंद झालं.

सकाळी स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. कोटवाले साहेबांच्या मानेला ठेच्याचा लाल डाग होता आणि ते खुशीत होते. ते डब्यात चढल्यावर झोयाबाई आत्याजवळ आली. तिने पर्समधून रुमालाची गाठ काढली. तेच वाळके तुकडे. ते तिने आत्याच्या हातात दिले.

"काहून? गाडीत लागतीन ना," आत्या म्हणाली.

"मला नको," झोयाबाई म्हणाली. "आप रखिए. अगले सत्याग्रह में काम आएँगे." आणि मग आत्याच्या गळ्यात पडून ती रडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती भाकरीशिवाय निजणार होती. मीही रडले, ते सांगायला मला लाज नाही.

गाडी गेली. मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो, तरी ती गाठ आत्याच्या हातातच होती. वळणावर गोदाबाई माळीण मेथीच्या जुड्या लावून बसली होती. तिने लांबूनच हाक मारली.

"मनकर्णाबाई! रशियाच्या बाईले सांगतलं का नाई, तुमी तीन मयने जेलात होत्या थे?"

आत्याने हातातली गाठ पदराखाली घेतली.

"बावीस दिवस, गोदाबाई," ती म्हणाली. "बावीसच. आन् थेबी दोन टाइम जेवून."