पाच काड्यांची पिन

बसा हितं, गड्यांनो. चहा येईस्तवर तुमास्नी सांगलीच्या जिनपालची गोष्ट सांगतो.

जिनपाल रेडिओ दुरुस्तीवाला. बायको शालन शाळेत गणित शिकवायची. शाळेनं जुना कॉम्प्युटर भंगारात काढला, तवा तिनं तो घरी आणला. चाळीस वर्सामागचं यंत्र ते. टीव्हीला जोडायचं, आन् प्रोग्राम टेपाच्या कॅसेटीत ठेवायचा. शालननं त्यात एक प्रोग्राम केला. तारीख घाला, सांगलीत दिवस कवा मावळतो ती येळ दिसंल. जैनाचं घर, जेवण दिवस बुडायच्या आत. रोज येळ बघून ती हाक मारायची, "आवं, उठा, पंचवीस मिंटं ऱ्हायली!"

शालन गेली त्याला दोन वर्सं झाली. हाक मारणारं कोण न्हाई. जिनपाल कामातनं मान वर करायचा तवा भाईर अंधार. मग उपाशीच झोपायचा.

एकदा मनात आलं, तो प्रोग्राम तरी चालू करावा. पण कॉम्प्युटर आन् टेप जोडायची वायर काढली, तर तिची पिन उंदरानं कुरतडलेली, काड्या गळालेल्या. पाच काड्यांची गोल पिन, आता कोण बनवतंय? साताऱ्यापातूर भंगारं धुंडली. तिथला भंगारवाला मानसिंग हसला, "काका, पिन शोधताय का नवरी?"

शेवटी ह्यानंच पितळी तारेच्या काड्या तासल्या, एम-सीलमदी रोवल्या, सोल्डर मारलं. कॅसेट लावली. टीव्ही कोरा. तीनदा तेच. चौथ्यांदा कॅसेट मागं फिरवून चालू केली आन् ध्यानात आलं, काड्या समोरनं बघून जोडल्यात, जोडायच्या व्हत्या पाठीमागनं. डावं-उजवं सगळं उलटं! जल्मभर सोल्डर मारणारा गडी, आन् ही चूक. चिडून त्यानं टेपातली वायर उपसली. वायर आत असली की टेप मुका. उपसली तसा शालनच्या आवाजात बोलाय लागला.

"आवं, गप बसा की, टेप चालू हाय. दिवस मावळायची येळ, नंबर दोन. हसताय काय?"

मग प्रोग्रामची नुसती किर्रर्र.

जिनपालनं खिडकीतनं बघितलं. भाईर अजून ऊन व्हतं. उठला, भाकरी ताटात घेतली, कॅसेट पुन्यांदा ऐकाय मागं फिरवली.

पिन त्यानं मागनं नीट केली. टीव्हीवर येळ दिसती आता. पण रोज आदी वायर काढून ऐकतो, मगच लावतो. जेवतो मातर एकटाच.

सांगलीला गेलासा तर ऊन असताना त्याच्याकडं जावा. आन् तो जेवाय बसा म्हणला, तर न्हाई म्हणू नगा.