खांद्यावरचं नाव

मी एक जुनी पितळी कळशी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला बघायला आलात तर माझ्या खांद्याकडे टक लावून बघू नका. माझ्या सगळ्या अंगावर ठोक्यांच्या बारीक खुणा आहेत, मठारून मठारूनच माझा जन्म झाला. खांद्यावर मात्र चार बोटं जागा अगदी सपाट आहे. लोकांना वाटतं, तिथं कुणाचा तरी मायेचा हात फिरून फिरून ती झिजली असेल. माया! तिचीच हकिकत सांगते.

एकोणीसशे एकसष्ट साली मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात टांगलेली होते. कोलशेतचा धाकू नावाचा तरणाबांड कोळी आला आणि त्यानं वीस कळश्या वाजवून मला निवडलं. धाकट्या बहिणीचं, मालूचं, लग्न ठरलं होतं. दुकानाच्या पायरीवर परशुराम नावाचा कारागीर भांड्यांवर नावं घालायला बसे. त्यानं विचारलं, "गाव, आडनाव काय घालू?"

"कशाला?" धाकू छाती काढून म्हणाला. "दामाजीचा धाकू म्हटला की सगली खाडी वलखतं."

टकटक करत परशुरामानं माझ्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उठवली : 'चि. मालू हिस, भाऊ धाकू दामाजी याजकडून, १९६१.' दुखलं, पण मिरवलेही. नाव असलेलं भांडं म्हणजे गोत असलेलं भांडं, असं मला वाटायचं. मी तेव्हा नवी होते.

लग्नाला आठ दिवस होते. मालू मला कमरेवर घेऊन सकाळी पाण्याला निघाली आणि विहिरीपाशी थांबलीच नाही. माजिवड्याच्या नाक्यावर चांगदेव उभा होता. तो कल्याणचा, बौद्ध कुटुंबातला, कोलशेतला एका कारखान्याच्या बांधकामावर गवंडी. नेमका त्याच वेळी धाकू सायकलवरून आला. त्यानं आधी मला ओळखलं, मग तिला. मालू एवढंच म्हणाली, "दादा, जाव दे." त्यानं सायकल वळवली. मला वाटलं, काय हा भाऊ! बहिणीचा संसार याच्या एका गप्प बसण्यावर उभा राहिला.

त्या गप्प बसण्याला पुढं कसली फळं येणार होती, ते मला काय ठाऊक.

कल्याणला कोळसेवाडीतल्या चाळीत मालूची मंदाकिनी झाली. नवऱ्यानं हौसेनं ठेवलेलं नाव, रेशनकार्डावरही तेच. माहेरचं ती अवाक्षर काढत नसे. मुलगी रंभा लहानपणी विचारायची, "आई, तुझं गाव कुठलं?" ती म्हणायची, "बुडालं." वीसेक वर्षं मी त्या घराला पाणी पाजलं. शेजारणी म्हणत, मंदाताईंच्या कळशीचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा गार असतं. मग घरात नळ आला, प्लास्टिकचे ड्रम आले आणि माझी बदली फळीवर झाली. मी काळी पडले, नाव काजळीखाली गेलं. गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण भांड्यांनीच पहिल्यांदा म्हटली असावी.

पंच्याऐंशी साली चांगदेव गेला. एकोणनव्वदमध्ये मालूला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. त्या हाताचं बोट ती रोज माझ्याकडे दाखवायची.

रंभा डोंबिवलीच्या एका कंपनीत औषधाची पाकिटं भरायला जायची. थकून आली तरी आईचं बोट दिसलं की स्टीलच्या पेल्यात पाणी आणायची. मालू पेला ढकलून द्यायची. "अगं, मागतेस पण तूच, ढकलतेस पण तूच!" रंभा चिडायची, फरशी पुसायची. हे दोन वर्षं चाललं. आणि मी फळीवर बसून बघत होते. तिला पाणी नको गं, मी हवी आहे, हे ओरडून सांगायला मला तोंड आहे, पण ते फक्त पाणी ओतायला.

एक्क्याण्णवच्या दिवाळीआधी घराला चुना लावायचा म्हणून रंभानं मला खाली घेतलं. मालूच्या तोंडून घशातला एक आवाज निघाला. रंभा दचकली. तिनं चिंच आणली, मला घासलं आणि एकेक अक्षर वर येऊ लागलं.

"मालू कोण?" तिनं विचारलं.

आईनं डावा हात आपल्या छातीवर ठेवला.

"आणि हा धाकू... तुझा भाऊ? बघायचंय तुला त्याला?"

मालू रडली, मित्रांनो. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

रंभानं मला कापडी पिशवीत घातलं आणि ठाणं गाठलं. गाव नाही, आडनाव नाही; भावाचा तोरा आता भाचीच्या पायांना भोवला. नौपाड्यात चार दुकानं हिंडल्यावर परशुराम भेटला. म्हातारा झाला होता, पण माझ्या खांद्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, "ताई, ठिपके माझेच. खाडीकडची कोळी मंडळी लग्नाची भांडी इथूनच न्यायची. कोलशेत बघा, बाळकूम बघा. शाळेतली जुनी रजिस्टरं काढायला लावा. शाळा माणसाला विसरत नाही."

रविवारी शाळा-कचेऱ्या बंद, म्हणून कामावरचे दोन खाडे गेले तिचे. कोलशेतच्या शाळेत बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं. त्यात होतं : मालू दामाजी, दुसरीतून शाळा सोडली, कारण घरकाम. रंभानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसली. तिथून ती गावचे कागद बघायला कचेरीत गेली. कारकून म्हणाला, "दामाजी ना? त्यांच्या जमिनीचं काम चाललंय, वंशावळ गेल्याच वर्षी केलीय." त्यानं कागद पुढे सरकवला. दामाजीखाली मुलगा धाकू. शेजारी मुलगी मालू, आणि तिच्यापुढे : अविवाहित, मयत, १९६१, खाडीत बुडून. खाली पाच पंचांच्या सह्या आणि धाकूची सही.

"अहो, ती जिवंत आहे. सकाळी मी तिला पेज भरवून आलेय."

"कागदावर मयत आहे, बाई."

"मग कागदाला कोण रोज अंघोळ घालतं?" रंभा म्हणाली आणि मला उचलून बाहेर पडली.

धाकूचं घर आता सिमेंटचं होतं. ओटीवर तोच बसला होता, केस पांढरे. रंभानं मला त्याच्यापुढे ठेवलं. या वेळीही त्यानं आधी मलाच ओळखलं. हात पुढे आला, मागे गेला.

"कोन गो तू? ही कलशी तुना कुठं गावली?"

"आईची आहे. मामा, मी रंभा. मालूची."

"मालू बुडाली आमची. पान्याला गेली ती. बापानं तेरावा घातलान, सगला गाव जेवला."

"ती बुडाली नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही, ते मला माहीत नाही," रंभा म्हणाली. बिचारीला खरंच माहीत नव्हतं, पण धाकूचा चेहरा उतरला. "मला जमीन नको. सांगाल तिथं सही करते. ती बोलत नाही, मामा. एकदा येऊन तिच्यासमोर बसा, बास."

घरात आलेल्याला पाणी विचारतात, ही साधी रीत. त्या दुपारी उन्हातून कळशी घेऊन आलेल्या भाचीला त्या घरात कुणी पाणी विचारलं नाही. ती चांगदेवाची लेक होती; का विचारलं नाही, ते मला पुरतं कळलं. तुम्हीही समजून घ्या.

धाकूनं मला ओटीवर आपल्याजवळ ओढून घेतलं. मग मऊ आवाजात म्हणाला, "आयतवारी येन मी. कलशी ठेव इथं, पोचे काडून आनतो. तुझे आयशीला सांग, दादा येतो म्हनून."

रंभा त्याच्या पाया पडली. घरचा पत्ता लिहून दिला आणि मला ठेवून, जवळजवळ पळतच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी धाकूनं मला ठाण्यातल्या एका कारागिराकडे नेलं. परशुरामाकडे नव्हे. माझे पोचे निघाले, हे खरं. मग धाकूनं खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे पन काडा." कानस फिरली, हातोडी बसली, चाक फिरलं. ज्यानं माझ्यावर नाव घालून घेतलं होतं, त्यानंच समोर उभं राहून ते काढून घेतलं; कागदावर बुडवलेली मालू आता भांड्यावरही उरायला नको होती. सारा वेळ त्यानं डोळे पुसले. त्या डोळ्यांबद्दल मला काडीची दया नाही. रडता येतं म्हणजे माणूस चांगला असतो, असं थोडंच आहे!

रविवारी मला पिशवीतून बाहेर काढलं ते धाकूच्या मुलानं, उत्तमनं. दारात मालू खुर्चीवर बसली होती. अंगावर लुगडं होतं, कोळणी नेसतात तसं. रंभाला ते नेसवता येत नव्हतं. मालूनं एका हातानं खुणा करकरून सकाळभर नेसवून घेतलं होतं. तिची नजर उत्तमच्या मागे, जिन्याकडे होती.

"बाबांना नाय जमला. गुडघे धरलेत," उत्तम म्हणाला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "पण कळशी बघा, कसली भारी चमकवलीय!"

रंभानं त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि गेला.

मालूनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मला वळवून दुसऱ्या बाजूला चाचपून बघितलं. तिच्या बोटांखाली मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग तिनं हात काढला आणि पेल्याकडे बोट दाखवलं. रंभानं पाणी दिलं. दोन वर्षं जो पेला ती ढकलत होती, तो ती घटाघटा प्यायली. त्यानंतर माझ्याकडे तिनं बोट दाखवलं नाही. पुढच्या माघात ती गेली.

मित्रांनो, भांड्यांना जपा, चिंचेनं घासा, फळीवर टाकून विसरू नका, हे मी सांगणारच; ते माझं कामच आहे. पण त्याहून एक सांगते. भांड्यावर कुणाचं नाव घालण्याआधी, त्या माणसाच्या दारात जाऊन बसायची आपली तयारी आहे का, ते मनाला विचारा. नसेल तर भांडं कोरंच द्या. कोऱ्या भांड्याची वाट कुणी बघत बसत नाही.

रंभा अजून दर दिवाळीला मला घासते. खांद्यापाशी आली की जास्त चिंच घेते आणि हळूहळू चोळत राहते. काजळीखालून नाव एकदा वर आलं होतं, ते पुन्हा येईल असं तिला वाटतं.