शेतीसंरक्षणासाठी

विश्वासने शैलेशच्या गादीवरची चादर ओढून काढली, उशीचा अभ्रा सोडवला आणि दोन्ही बादलीत बुडवले. बावीस दिवस त्या खाटेवर कोणी झोपलं नव्हतं, पण चादर पिळली तेव्हा पाणी चहासारखं निघालं. एप्रिल लागल्यापासून कुवेतच्या या अब्बासियात धूळ उडत होती. खिडकी बंद ठेवली तरी ती आत यायचीच.

आज दुपारच्या विमानाने शैलेश गावाहून परत येत होता. आईचं तेरावं उरकून.

चादर गॅलरीतल्या दोरीवर टाकत असतानाच फोन वाजला. परब मास्तर. विश्वासने ओला हात पँटला पुसला. चौथीत त्याला या माणसाने गणित शिकवलं होतं, त्यामुळे फोन उचलताना तो आजही नकळत सरळ उभा राहायचा.

"विश्वास, अर्ज भरलास का रे?"

"नाही मास्तर. कागद मिळाले. वाचले."

"वाचून काय करायचंय? सही कर, वकिलातीतून शिक्का मारून घे आणि पाठव. जामिनाची तारीख गुरुवारी आहे."

तीन वर्षांपूर्वीही मास्तरांनी हाच अर्ज पुढे केला होता. तालुक्यातल्या बंदूक परवानाधारकांची संघटना त्यांनी तेव्हा नुकतीच उभी केली होती. विश्वासने हसून टाळलं होतं. भिंतीवर ठासणीची एक बंदूक, तीही बाबांच्या काळातली, वर्षाकाठी चार बार उडणार. त्यासाठी कसली संघटना? पण पुढच्याच निवडणुकीत पोलिसांनी सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेतल्या, निकाल लागून भातं पोटरीला आली तरी परत दिल्या नाहीत, आणि डुकरांनी आख्ख्या वाडीचं भात लोळवलं. तेव्हा मास्तरच चाळीस माणसं घेऊन तहसीलदाराच्या दारात बसले होते. आठवड्यात बंदुका परत आल्या. घाड्यांची, म्हणजे विश्वासच्या घरचीही आली. सभासद नसताना.

"तुझ्या आईकडे बघ," मास्तर म्हणाले. "प्रीतम आत गेल्यापासून ती जेवत नाही. वकील संघटनेचा आहे, चांगला आहे. पण सभासद नसलेल्याचं प्रकरण मी कार्यकारिणीपुढे कसं नेणार? परवाना तुझ्या नावावर, बाग तुझ्या नावावर. तुझ्या जबाबाला वजन आहे."

"जबाबात लिहिलंय की बागेत चोऱ्या होत होत्या."

"होतातच."

"मुक्ताकाकी चोरी करायला आली होती, असं लिहिलंय."

पलीकडे मास्तरांनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"गेलेल्या माणसाला काय लागतं रे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "राहिलेल्यांचं बघावं लागतं."

फोन ठेवल्यावर विश्वास बराच वेळ दोरीपाशी उभा राहिला. काजूची बाग, पहाटे साडेपाच. झुडपामागे पाचोळा वाजला आणि त्याच्या भावाने, प्रीतमने, बार काढला. डुक्कर समजून. झुडपामागे मुक्ताकाकी होती, शैलेशची आई. प्रीतम खोटं बोलत नव्हता, याची विश्वासला खात्री होती. जत्रेतल्या मारामारीची एक जुनी केस प्रीतमवर होती, म्हणून बाबा गेल्यावर परवाना विश्वासच्या नावावर झाला. कुवेतला निघताना बंदूक पोलिसांत जमा करायला हवी होती. त्याने ती भिंतीवरच ठेवली आणि कपाटाची चावी प्रीतमच्या हातात दिली. बंदुकीच्या दारूची पुडी त्या कपाटात असायची.

एवढंच असतं तर त्याने कदाचित सही केली असती. पण मुक्ताकाकीला बागेत त्यानेच पाठवलं होतं. फेब्रुवारीत तिला फोन करून तो म्हणाला होता की आईला वाकवत नाही, पडलेली बी तू वेच, अर्धी तुझी. हे प्रीतमला सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नव्हतं. सांगितलं असतं तर प्रीतमने नाही म्हटलं असतं, आणि मग भावाभावांत वाजलं असतं. म्हणून काकी पहाटे यायची, प्रीतम उठायच्या आत वेचून जायची. त्या दिवशी प्रीतम आधीच उठला होता.

*

नूरुद्दीनभाईंनी कंपनीची मिनीबस खाली लावली आणि वर येऊन चहा टाकला. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. अर्दियातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात ते माणसं नेण्याआणण्याचं काम करत. शैलेशची आई गेली त्या दिवशी मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, केबिनबाहेर दोन तास बसून त्यांनीच त्याचा एक्झिट परमिट काढून आणला होता. विमानतळावर जायला अजून अर्धा तास होता.

विश्वासने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला, मग जबाब वाचला, मग पुन्हा अर्ज.

"भाई, सांगा. सभासद होऊ की नको?"

"आमच्याकडे माझ्या चुलत्याला बंदूक हवी होती," ते म्हणाले. "माकडं नारळ ठेवायची नाहीत. त्याने परवान्यासाठी एकट्याने खेटे घातले, अकरा वर्षं. मेला तेव्हा फाईल पुढच्या टेबलावर गेली होती. अशी चार माणसं पाठीशी असती तर मिळाली असती. त्यामुळे संघटना वाईट, असं मी म्हणणार नाही."

"मग?"

"तीन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो." त्यांनी मोबाइल परत केला. "आज त्यांना सभासद नकोय, विश्वास. सही हवी आहे. एका परवान्याच्या बंदुकीने असं माणूस मेलं की उद्या सगळ्यांचे परवाने तपासायला काढतील. बाईने चोरी केली म्हटलं की सगळे सुटले. तूसुद्धा."

"आई रोज रडते. प्रीतमला घरी आण म्हणते."

नूरुद्दीनभाईंनी कप विसळला.

"ती तुझी आई. मी काय बोलू?" ते म्हणाले. "चल, उशीर होईल."

*

शैलेश बाहेर आला तेव्हा विश्वासला तो पटकन ओळखू आला नाही. डोक्यावर बोटाएवढेही केस नव्हते, खांदे उतरले होते. त्याला व्हिसा विश्वासनेच मिळवून दिला होता, पाच वर्षांपूर्वी. कारखान्यात दोघं एकाच यंत्रावर काम करत. विश्वास माप घ्यायचा, शैलेश कापायचा. आता दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शैलेशने बॅग विश्वासच्या हातात दिली. विश्वासने ती खांद्यावर टाकली.

बस निघाली. हवेत धूळ इतकी होती की भर दुपारी समोरच्या गाड्यांनी दिवे लावले होते.

खोलीवर आल्यावर शैलेश जेवला. डाळ, भात, तळलेलं पापलेट. सावकाश, काटा काढून काढून. हात धुऊन तो धुतलेल्या चादरीवर बसला.

"गावात म्हणतत, आये काजी चोरूक गेलली," तो म्हणाला. "तेराव्याच्या पंगतीत म्हणत होते. माझ्या पाठीमागे."

नूरुद्दीनभाई उठून बाहेर जायला निघाले. विश्वासने हाताने त्यांना थांबवलं. एकट्याने हे बोलणं त्याला जमलं नसतं.

"ती चोरूक गेली नाय," तो म्हणाला. "मीच तिका सांगललंय. बी वेच म्हणान. प्रीतमाक ठावक नव्हता, मी तेका सांगूकच नाय. आणि बंदूक माझ्या नावार आसा, शैलेश. ती घरात ठेवन इलंय तो मीच."

शैलेशने मान हलवली, जणू कोणी त्याला उद्याच्या कामाचं माप सांगितलं होतं.

"माका ठावक आसा. आये म्हणाली होती, विश्वासान सांगल्यान म्हणान."

"मगे पंगतीत बोललंस कित्याक नाय?"

"कोणाक सांगू? ऐकणारे सगळे मास्तराचेच."

विश्वास त्याच्या खाटेजवळ खाली बसला. त्याला वाटत होतं शैलेशने ओरडावं, निदान एक कानाखाली द्यावी. शैलेशने बॅगेची चेन उघडली. कोकमाची बाटली काढून नूरुद्दीनभाईंना दिली. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद काढला आणि गुडघ्यावर सरळ केला.

संघटनेचा अर्ज होता तो. विश्वासच्या मोबाइलमध्ये होता तसाच, पण छापील, निळ्या शाईत अर्धा भरलेला.

"ह्यो तुका कोणी दिल्यान?"

"मी मागलंय. मास्तर आधी घाबरले. मगे खूश झाले. म्हणाले, तू आमच्यात इलंस तर वाडीत तंटो उरूचो नाय. सा महिन्यात परवानो काढून देतो म्हणाले."

"तुका बंदूक व्हयी कित्याक?"

"शेतीसंरक्षणासाठी." हे शब्द शैलेशने अर्जावर होते तसेच उच्चारले, शाळेत धडा वाचावा तसे.

विश्वास त्याच्याकडे बघत राहिला. शैलेशच्या घरापुढे तुळस आणि दोन माड सोडले तर त्याची वीतभर जमीन नव्हती. मुक्ताकाकीचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या बागांत गेला होता.

"शेती खय आसा तुझी?"

"मास्तर म्हणाले, खंडान घेतल्याचा लिवलंस तरी चलता."

त्याने उशीखाली हात घालून पाहिला, मग नूरुद्दीनभाईंकडे पेन मागितलं. भाईंनी खिसे चाचपले. पेन त्यांच्या खिशात होतं, वरून दिसतही होतं, पण ते म्हणाले, "गाडीत राहिलं."

"रवांदे," शैलेश म्हणाला. "शिफारशीक दोन सभासदांच्यो सह्यो व्हयेत. एक मास्तर करतले. दुसरी तू कर. तू होतंस मां सभासद?"

त्याने कागद विश्वासच्या हातात दिला. नाव, वय, पत्ता, सगळं सुवाच्य अक्षरात होतं. खाली एक रकाना होता: 'उपद्रव कोणाचा?' बाकीचे लोक तिथे डुक्कर लिहीत, माकड लिहीत, गवा लिहीत. शैलेशने तिथे काहीतरी लिहिलं होतं आणि मग त्यावर इतक्या रेघा ओढल्या होत्या की कागद फाटायला आला होता; रेघांखालून 'प्री' एवढंच वाचता येत होतं.

विश्वासने कागद परत दिला. अंगठ्याला शाई लागल्यासारखं त्याला वाटलं, पण शाई कधीच वाळली होती.

"मी झोपतंय," शैलेश म्हणाला. "उद्या ड्युटी आसा." तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि खरंच झोपला. प्रवासाने थकलेल्या माणसाचा श्वास थोड्या वेळाने खोलीभर ऐकू येऊ लागला.

विश्वास गॅलरीत गेला आणि घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला. ती फोन हातात घेऊनच बसलेली असायची.

"केलंस सही? मास्तर येवन गेले आत्ता. म्हणाले, गुरवारी माझो झील घराक येतलो."

"आये, मी सही करूचंय नाय."

पलीकडचा पंख्याचा आवाज थांबला; आईने तो बंद केला होता.

"भाऊस मां रे तुझो तो?"

"होय."

"मगे? तेका थयच कुजत ठेवतलंस? अरे, दाराक कुलूप घालतत थय, पोलिसाचो पहारो आसता भायर..."

विश्वासने मागे वळून काचेतून आत पाहिलं. शैलेशने झोपेतच कूस बदलली होती. अर्ज त्याच्या छातीवर होता, वर हाताचा पंजा. नूरुद्दीनभाई कोपऱ्यात जागे बसून होते.

"असांदे आये," विश्वास म्हणाला. "पहारो असांदे."