लिंबू न कापणारी तलवार

पात्यावरचा तपकिरी गंज गेल्या वर्षीसारखाच होता. फक्त काठावर, मुठीपासून टोकापर्यंत, केसाएवढी पांढरी रेघ उजळली होती. खंडेनवमीच्या पूजेआधी तेलाचं फडकं फिरवताना सविताचा हात तिथे थांबला. आंबीच्या कारखान्यात ती धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. नुकतंच घासलेलं पोलाद तिला ओळखू येई.

"धार तुम्ही लावलीत?"

तिचा नवरा कैलास पाटाभोवती कोयते, विळे मांडत होता. "गंज काढला."

"गंज तर तसाच आहे."

त्याने आणखी एक विळा पाटाशी ठेवला.

इंग्रजांच्या काळात लोणावळ्यात रेल्वेची स्वयंसेवक पलटण होती, तेव्हा कैलासचे पणजोबा तिथल्या एका साहेबाचा घोडा सांभाळत. जाताना साहेबाने ही तलवार त्यांना दिली. ती कवायतीतच मिरवलेली, बोथट. दर खंडेनवमीला पूजा झाली की धाकट्याने धारेची बाजू वर करून ती आडवी धरायची आणि थोरल्याने तिच्यावर लिंबू ठेवून वरून तळहात हाणायचा. लिंबू नुसतं चेपायचं, घर हसायचं.

थोरला महिपती देहूरोडहून आला. इंदुरीचं नदीकाठचं रान त्याला वाटून हवं होतं, कैलासला नको होतं. दोन वर्षं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई, कस्तुराबाई, दोघांना एकच सांगायची, "मी हाय तवर वाटणी न्हाई."

आरती झाली. महिपतीने लिंबू उचललं.

"काय आई, यंदा तरी कापती का तुज्या साहेबाची तलवार?"

"कापती कुटली," कस्तुराबाई हसल्या. "धर रं कैलास."

कैलासने तलवार आडवी धरली. त्याची नजर लिंबावर होती, भावाकडे नव्हती. महिपतीने लिंबू तिच्यावर ठेवलं आणि तळहात खांद्यापर्यंत उचलला.

"भाऊजी, थांबा."

सविताने पात्यावरचं लिंबू दोन बोटांत धरलं आणि धारेवरून हलकेच ओढलं. दोन फाका ताटात पडल्या.

कोणी हसलं नाही. रस पात्यावरून ओघळत कैलासच्या मुठीकडे आला. महिपतीने उचललेला हात खाली घेतला, उघडून पाहिला आणि सदऱ्याला पुसला.

कस्तुराबाईंनी ताटातल्या फाका पाहिल्या. मग धाकट्याची मूठ पाहिली. ती अजून आवळलेलीच होती. त्यांनी बोटाने एक फाक महिपतीकडे सरकवली, एक कैलासकडे.

"रान वाटून घ्या," त्या म्हणाल्या. "मी हाय तवरच."