टायगरचा निकाल

सई एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय वन्यजीव संवर्धन आणि जैवविविधता. तिचे वडील ढुंढिराज गुरुजी त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या यजमानांना हे नाव मोठ्या रुबाबात सांगत. आपली मुलगी उसाच्या बांधाबांधानं बिबट्याचा गू गोळा करत हिंडते, एवढं मात्र गिळून टाकत.

काय खाल्लंस, असं बिबट्याला विचारता येत नाही, म्हणून चौकशी मागच्या दारानं करायची. विष्ठा चाळणीत धुवायची, उरलेल्या केसांवरून, हाडांवरून प्राणी ओळखायचा. आईच्या दोन गाळण्या या शास्त्राच्या कामी आल्या होत्या.

त्या सकाळी एकलहऱ्याजवळ, निवृत्ती नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर, सईला भरघोस ऐवज सापडला. वास असा, की तो स्कूटीच्या डिकीत घालायची तिची हिंमत होईना. तिनं तिथंच मोटारीच्या पाण्याखाली चाळणी धरली. लांब पांढरे केस निघाले, हाडांचा चुरा निघाला, लाल पट्ट्याचा तुकडा निघाला आणि शेवटी एक पितळी घुंगरू.

निवृत्ती उसाला पाणी देत होता. घुंगरू बघितलं आणि हातातलं फावडं टाकून तो नाचायलाच लागला.

"टायगर! टायगर हाय ह्यो! पोरी, तू देवावानी आली!"

टायगर म्हणजे शेजारच्या धोंडीरामचा पांढराशुभ्र पॉमेरियन. आठवड्यापूर्वी तो गायब झाला, तेव्हापासून धोंडीराम गावभर सांगत होता, की निवृत्तीनं त्याला विषाचा लाडू चारला. निवृत्तीनं मारुतीसमोर शपथ घेतली, तरी कुणी चहाला बोलवेना.

निवृत्तीनं सईला चाळणीसकट धोंडीरामच्या अंगणात नेलं. धोंडीरामनं घुंगरू ओळखलं, डोक्यावरची टोपी काढली आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याची बायको सिंधुबाई आतून हळदीकुंकू घेऊन आली आणि तिनं चाळणीला वाहिलंसुद्धा. सईनं चाळणी मागं ओढली. नमुन्यात हळद!

"काकू, थांबा! सॅम्पल आहे ते माझं."

"तुझं सॅम्पल आसल," धोंडीराम नाक पुसत म्हणाला, "माझा टायगर हाय. मी त्याला माती देणार."

"काका, मला नुसते केस द्या. घुंगरू ठेवा तुम्ही."

"आन् त्याला बिनकेसाचा पुरू व्हय? लय तोरा व्हता त्याला केसांचा."

सईनं तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. मयुरेश सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हळद किती पडलीय?" मग नाइलाजानं तिनं वडिलांना लावला.

"बाबा, कुत्रा बिबट्याच्या पोटातून आला असेल, तर माती द्यायला सगळा लागतो का? अर्धा चालेल?"

पलीकडे घंटा वाजत होती, बहुतेक पूजेच्या मध्येच होते. मग घंटा थांबली.

"फोन स्पीकरवर टाक," गुरुजी म्हणाले. मग पूजेतला खर्जातला आवाज लावून, "यजमान, माणसाच्या तरी अस्थी आपण सगळ्या कुठं नेतो? चिमूटभर पुरतात. उरलेलं विद्येला दान करा. कुत्र्याला सद्गती मिळेल."

धोंडीरामनं फोनला हात जोडले.

पेरूच्या झाडाखाली खड्डा निवृत्तीनंच खणला. घुंगरू, पट्टा आणि चिमूटभर केस आत गेले. सिंधुबाईनं वर पारले बिस्कीट ठेवलं. सई हात जोडून उभी होती आणि आपल्याला रडू का येतंय, याचा तिला मनापासून राग येत होता. पाच महिने ती ज्याला 'भक्ष्य, पाळीव' म्हणत आली, त्यातल्या एकाला आज नाव होतं.

माती लोटून झाल्यावर निवृत्ती कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आता माफी माग. चार माणसांत."

"मागतो की," धोंडीराम म्हणाला. "पन आधी मला सांग, बिबट्या तुझ्याच उसात कसा काय राहतो? तू त्याला पाळलाय काय?"

"आरं, मी काय त्याला भाड्यानं ठेवलाय व्हय?"

आवाज चढले. सिंधुबाई दोघांसाठी चहा ठेवायला आत गेली. कपबशा तीन काढल्या होत्या, पण सई थांबली नाही. उरलेला टायगर पिशवीत घट्ट बांधून तिनं स्कूटीला किक मारली.