रंगाच्या दोन हातांएवढा डोंगर

शाळांसाठी पृथ्वीचे गोल रंगवणाऱ्या म्हाताऱ्याची जीभ कायम हातापेक्षा जोरात चालायची. लेक जगातलं सर्वांत उंच शिखर चढायला निघाली, तेव्हा तिच्या आईने रडून घर डोक्यावर घेतलं. मग याने आपला शहाणपणा पाजळला. बायकोला कारखान्यात आणलं, तिचं बोट वाळलेल्या गोलावरून फिरवलं आणि म्हणाला, "लागला का कुठे डोंगर? एवढ्या गोलावर तो रंगाच्या दोन हातांएवढा जाड भरतो. उगाच कशाला जीव टांगणीला लावतेस?" बायको डोळे पुसत हसली आणि तिने लेकीला जायला होकार दिला.

लेक शिखराच्या जरा खाली बर्फातच राहिली. तिला खाली आणणं कुणालाच जमलं नाही.

वर्षभराने बायको पुन्हा कारखान्यात आली आणि तिने विचारलं, "अहो, नेमकी कुठे आहे ती?"

त्याने तिचं बोट धरून गोलावर त्या जागी टेकवलं. ती कितीतरी वेळ तिथेच चाचपत राहिली.

"इथे तर बोटाला काहीच लागत नाही हो," ती म्हणाली. "मग माझी पोर अडकलीय तरी कशात?"